उमाजीभाऊंचं अपील

उमाजीभाऊ माझ्या ऑफिसात आले ते अपील करायचं ठरवूनच. माझं ऑफिस गोंडपिपरीच्या बस स्टँडसमोर, एका मेडिकलच्या वरच्या खोलीत आहे. जिना इतका उभा आहे की वर येईपर्यंत निम्म्या पक्षकारांचा राग उतरतो. उमाजीभाऊंचा उतरला नव्हता. मागून त्यांची बायको गोकुळाबाई धापा टाकत आली आणि न विचारता खुर्चीत बसली. भाऊ उभेच राहिले. त्यांनी कोर्टाचा कागद टेबलावर ठेवला, त्यावर पंजा दाबला आणि म्हणाले, "वकीलबाई, ह्याच्यावर अपील टाका. आजच टाका."

"पंजा उचला भाऊ, वाचू तर द्या."

तालुक्याच्या कोर्टाची नोटीस होती. वामनराव बोनगिरवार या मंडप-डेकोरेशनवाल्यांनी मुखरू कामडी नावाच्या माणसावर दावा जिंकला होता. मुखरूने मुलीच्या लग्नात त्यांचा मंडप घेतला होता. ऐन मंगलाष्टकांत वाऱ्याचं वावधान सुटलं आणि मंडप वरपक्षावर बसला. कोणाला लागलं नाही, पण नवरदेवाच्या मामाला कनातीतून ओढून काढावं लागलं. म्हणून मुखरूने उरलेले पैसे द्यायला नकार दिला. कोर्टाचं म्हणणं पडलं की वाऱ्याचा दोष मंडपवाल्यावर टाकता येत नाही. निकाल लागला, मुखरूने अपील केलं नाही, मुदत गेली. पण मुखरूकडून पैसे काही निघेनात. तेव्हा वामनरावांनी दुसरी वाट काढली. मुखरूचे काही पैसे उमाजीभाऊंकडे अडकलेले आहेत हे त्यांना कळलं होतं. ते पैसे उमाजीने मुखरूला न देता सरळ कोर्टात भरावेत, किंवा का भरत नाही ते येऊन सांगावं, एवढंच त्या नोटिशीत होतं.

"यात तुम्ही गार्निशी आहात," मी म्हणाले.

गोकुळाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "बिमारी हाय काय ते?"

"नाही हो बाई. मुखरू वामनरावांचं देणं लागतो, आणि तुमचे मालक मुखरूचं देणं लागतात. मधल्या माणसाला वगळून इकडचं तिकडे वळवायचं. ज्याच्याकडून वळवायचं तो गार्निशी." मग मी भाऊंकडे वळले. "पण आधी सांगा, मुखरूचं देणं खरंच आहे का?"

"हाव," भाऊ ताठ्यात म्हणाले. "दहा वर्साच्या वर झालं. साऱ्या गावाले मालूम हाय. वामनरावाले मीच सांगतलो, चहाच्या टपरीवर."

"मग भरून टाका ना."

"त्या मंडपवाल्याले? माह्या देण्याशी त्याचा काय संबंध? अपील टाका तुम्ही."

मी त्यांना नीट समजावलं. नोटिशीवर अपील होत नाही. नोटीस म्हणजे कोर्टाने विचारलेला प्रश्न. कोर्टाने अजून काही ठरवलेलं नाही, मग वरच्या कोर्टाकडे जाऊन तक्रार कशाची करणार? तुम्ही पैसे भरले नाहीत आणि कारणही सांगितलं नाही, तर कोर्ट तुम्हाला पैसे भरायचा आदेश देईल. किंवा तुम्ही वाद घातला तर कोर्ट तो वाद चालवून निकाल देईल. त्या आदेशावर मात्र अपील होतं, दाव्याच्या हुकूमनाम्यावर होतं तसंच.

"म्हंजे आधी आदेश पायजे," भाऊ म्हणाले.

"आदेश नको भाऊ. आदेश होऊ नये म्हणूनच सांगते आहे. तारखेला कोर्टात या, वकीलपत्रावर सही करा, आपण तुमचं म्हणणं मांडू."

भाऊंनी मान डोलावली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि गोकुळाबाईंना घेऊन जिना उतरले. माझ्या एवढ्या सगळ्या बोलण्यातून त्यांनी एकच शब्द बरोबर नेला हे मला तेव्हा कळलं नाही.

तारखेला ते आले नाहीत. कोर्टात शिपायाने पुकारा केला, मी माझ्या दुसऱ्या कामासाठी तिथेच बसले होते, दाराकडे पाहिलं. उमाजी नाही. मुखरू मात्र आला होता. वाळलेला, उंच माणूस, गडचांदूरला एका कारखान्याच्या गेटवर चौकीदारी करायचा, त्याच खाकी पॅन्टवर आला होता. त्यानेही पुकारा झाल्यावर दाराकडे पाहिलं आणि मग बराच वेळ पाहतच राहिला.

काही आठवड्यांनी उमाजीभाऊ पुन्हा जिना चढून आले. या वेळी हातात पेढ्यांचा पुडा होता. पोरगा दहावी पास झाल्यावर बाप येतो तसे आले.

"झाला आदेश," म्हणाले. "आता टाका अपील."

मी आदेश वाचला. नोटीस पोचूनही हा इसम आला नाही, पैसे भरले नाहीत, कारण सांगितलं नाही. म्हणून त्याने रक्कम कोर्टात भरावी, न भरल्यास त्याच्याच विरुद्ध हुकूमनामा असल्याप्रमाणे वसुली करावी. म्हणजे उद्या बेलिफ येऊन त्यांची मोटारसायकल नेऊ शकला असता.

मला राग आला की मी गावच्या बोलीवर येते. "तारखेले काऊन नाई आले तुम्ही?"

"आलो असतो तं आदेश झाला असता काय?" भाऊंनी शांतपणे विचारलं. "तुम्हीच सांगतल्या का आदेशाशिवाय अपील नाई."

गोकुळाबाईंनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. मी एक पेढा खाल्ला, कारण तोंडात काहीतरी असणं बरं होतं.

"बरं," मी म्हणाले. "अपील करता येतं. मुदतीत आहोत. पण अपील करता येणं वेगळं आणि अपिलात सांगण्यासारखं काही असणं वेगळं. मी वर जाऊन काय सांगू? पैसे देणं आहे, हे तर तुम्ही टपरीवर सांगून बसलात."

मी विचार करून त्यांना सगळ्यात सोपी वाट दाखवली. देणं दहा वर्षांच्या वरचं आहे, त्याची लेखी कबुली कुठे नाही. पैसे मागायची कायद्यातली मुदत तीन वर्षांची. ती कधीच उलटली. मुखरू स्वतः आज दावा करू शकत नाही, तर वामनराव त्याच्या जागी कसे करतील? देणं संपलं, असं सांगू.

उमाजीभाऊंचा चेहरा बदलला. मी त्यांच्या घरात कोणी मेल्याची बातमी दिली असावी तसा.

"संपलं म्हंता?"

"कायद्याने."

"कायद्याने संपते, माह्याकडून नाई संपत. तसं लिहाचं नाई. कोर्टात उभं राहून मी म्हणू का मुखरूचं देणं बुडवलो म्हणून? मले ते देणं पायजे, वकीलबाई. तेच तं वाचवाले आलो."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर असा माणूस बसला होता ज्याला स्वतःचं देणं वाचवायचं होतं. मी पेन खाली ठेवलं. मग गोकुळाबाईंनी सांगायला सुरुवात केली, आणि नवऱ्याने मध्ये बोलायला तोंड उघडलं की त्याच्या गुडघ्यावर हात दाबत सगळं सांगून संपवलं.

उमाजी आणि मुखरू दोघे ढिवर, एकाच गावचे, एकाच डोंग्यात वाढलेले. गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, एक डोंगा वल्हवायचा, दुसरा जाळं फेकायचा. डोंगा आणि जाळी दोघांची निम्मी-निम्मी. मग मुखरूला गडचांदूरला चौकीदारीची नोकरी लागली. त्याने आपला निम्मा हिस्सा उमाजीला विकायचं ठरवलं. किंमत ठरली, त्या आनंदात उमाजीने त्याला घरी जेवायला बसवलं. गोकुळाबाईंनी मरळीचा रस्सा केला होता. मुखरूने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "बाई, रश्शात मीठ टाकाचं राह्यलं." उमाजी म्हणाला, "नोकरी लागताच जीभबी साहेबाची झाली काय?" मुखरू भरल्या ताटावरून उठून गेला.

"मीठ कमी होतं काय?" मी विचारलं.

"नव्हतंच," गोकुळाबाई म्हणाली. "घाईत राह्यलं होतं. पण ह्यायले कोण सांगन?"

दुसऱ्या दिवशी गावचे चार लोक बसले. झिंगू नावाचे म्हातारे पंच होते, त्यांनी तोड काढली: मुखरूने उमाजीच्या घरी येऊन, ताटावर बसून पोटभर जेवायचं, आणि जेवण झाल्यावर गोकुळाबाईच्या हातून हिश्शाचे पैसे घ्यायचे. दोघांनी हो म्हटलं. मग मुखरू म्हणाला, आधी पैसे, मग जेवण. उमाजी म्हणाला, आधी जेवण, मग पैसे. तिथून पुढे दहा वर्षं कोणी हललं नाही. डोंगा उमाजी आता भाच्याला घेऊन नेतो. भाचा वल्हं सोडून मोबाइल पाहतो, आणि डोंगा तलावाच्या मधोमध गोल फिरत राहतो.

"पैसे मंडपवाल्याले गेले," उमाजीभाऊ एकदाचे बोलले, "तं तो माह्या घरी कशाले येईल? आता त्याले याचं लागते. पैशासाठी का होईना, याचंच लागते ना?"

मी पेन पुन्हा उचललं. कारण यात मला अपील दिसलं होतं. जे देणं एखादी अट पुरी झाल्यावरच द्यायचं असतं, ते अट पुरी होईपर्यंत देय होत नाही. देय नसलेलं देणं कोर्ट वळवू शकत नाही. आणि मुदतही अट पुरी झाल्यावरच सुरू होते, त्यामुळे भाऊंचं देणं जिवंतही राहत होतं. फक्त हे सगळं खालच्या कोर्टात सांगायला हवं होतं, जिथे आमचे भाऊ आदेश व्हावा म्हणून घरी बसून होते.

चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात मी अपील दाखल केलं. वसुलीला स्थगिती हवी तर रक्कम कोर्टात भरा, असं सांगण्यात आलं. मला वाटलं, आता भाऊ अडतील. ते पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून उभे राहिले. पैसे पहिल्या दिवसापासून तांदळाच्या कोठीत वेगळे ठेवलेले होते. "नोटबंदीत ह्याच्या नोटा बदलाले मी रांगेत उभा राह्यलो," ते म्हणाले. "मंग दोन हजाराची बंद झाली, तवा अजून गेलो. त्याले म्हणा, इतकं तं त्यानं बायकोलेबी नाई सांभाळलं."

"कोर्टात गेले म्हणजे वामनरावांना गेले असं नाही," मी म्हणाले. "कोणाचे ते ठरेपर्यंत पडून राहतील."

"पडून राहू द्या. पडून राह्याची त्यायले सवय हाय."

सुनावणीच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसने निघालो. उमाजीभाऊ खिडकीशी, मी त्यांच्या मागे. गोकुळाबाई आली नव्हती. बल्लारपूरला मुखरू चढला. गाडी भरलेली होती, एकच जागा रिकामी होती, उमाजीभाऊंच्या शेजारची. मुखरूने जागा पाहिली, उमाजीला पाहिलं आणि वरचा दांडा धरून उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, "बसा ना मामा, जागा आहे." मुखरू म्हणाला, "पाय मोकळे करून राह्यलो." उमाजीभाऊ खिडकीतून बाहेर पाहत होते, पण हळूच सरकून त्यांनी जागा आणखी मोठी केली. ती चंद्रपूरपर्यंत तशीच रिकामी गेली.

न्यायाधीश साहेब वयस्कर होते आणि त्यांना सर्दी झाली होती. मी माझं म्हणणं मांडलं. वामनरावांच्या वकिलांनी त्यांचं मांडलं, आणि जोरात मांडलं: देणं कबूल आहे, जेवणाच्या गोष्टी कोर्टात आणून वेळ काढला जातो आहे. साहेबांनी रुमाल बाजूला ठेवला आणि उमाजीभाऊंना उभं केलं.

"देणं आहे?"

"हाव साहेब, हाय."

"मग देत का नाही?"

"तो जेवाले येत नाई."

साहेबांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. "मुखरू कोण? तुम्ही जेवायला का जात नाही?"

मुखरू उभा राहिला, कपडे सारखे केले. "साहेब, पैसे भेटले तं जाईन."

"आणि पैसे?"

"ते जेवल्यावर भेटन म्हंते."

साहेबांनी रुमाल पुन्हा नाकाला लावला. मग वामनरावांच्या वकिलांना म्हणाले, "यात अट होती की नाही हा प्रश्नच आहे, वकीलसाहेब. तो चालवल्याशिवाय आदेश टिकत नाही." तालुक्याच्या कोर्टाचा आदेश रद्द झाला, अट होती का आणि ती पुरी झाली का हा मुद्दा पुरावा घेऊन ठरवा म्हणून प्रकरण परत पाठवलं. तारखेला गैरहजर राहून सगळ्यांना चंद्रपूर दाखवल्याबद्दल उमाजीभाऊंनी वामनरावांना खर्च द्यावा, असंही त्यात होतं. तो भाऊंनी तिथेच, कोर्टाच्या पायऱ्यांवर मोजून दिला. वामनराव घेताना जरा ओशाळले.

वामनराव माणूस वाईट नव्हते. गोल, घामट, सतत कुठल्या तरी मांडवाच्या बांबूंची काळजी असलेले गृहस्थ. त्यांच्या वकिलांनी त्यांना परतीच्या वाटेवर सांगितलं असावं की पुराव्याला वर्ष जाईल. त्यापेक्षा मुखरू एकदा उमाजीकडे जेवला की अट पुरी आणि पैसे आपले. त्या दिवसापासून वामनरावांची पिकअप गडचांदूर ते उमाजीचं गाव अशी फेऱ्या मारू लागली.

आधी ते मुखरूकडे गेले. मुखरू म्हणाला, "बोलावणं येऊ द्या, जातो." वामनराव उमाजीकडे आले. उमाजी म्हणाले, "बोलावणं पंचासमोर देऊन ठेवलं हाय, दुसऱ्यांदा देणार नाई." वामनराव पुन्हा गडचांदूरला. मुखरू म्हणाला, "दहा वर्साचं बोलावणं शिळं झालं." प्रत्येक फेरीत दुपार व्हायची, आणि उमाजीच्या दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची गोकुळाबाईची रीत नव्हती. त्यामुळे मुखरूऐवजी वामनरावच तिथे जेवू लागले. कोमट्याचा माणूस, घरी मासा शिजत नसे. ते आधी नुसता रस्सा, मग झिंगे, मग मरळीचं डोकं इथपर्यंत पोचले. मला एकदा बाजारात भेटले तर म्हणाले, "बाई, माझ्या जेवणाने अट पुरी होत नाही का हो? मी मुखरूचा हक्क घेऊनच जेवतो आहे." मी म्हणाले, तुमच्या वकिलांना विचारा. ते म्हणाले, विचारलं, त्यांनी फोन ठेवला.

तालुक्याच्या कोर्टात पुराव्याचा दिवस आला. उमाजीभाऊंनी शपथेवर अट सांगितली. झिंगू पंच तीन वर्षांपूर्वी वारले होते. उरलेले तिघं गाव सोडून कामाला गेले होते, त्यांचा पत्ता लागेना. म्हणजे आता एका मुखरूवर सगळं आलं. आणि मला ठाऊक होतं, वामनरावांच्या वकिलांनाही ठाऊक होतं, की मुखरूने नुसतं "अट नव्हती" म्हटलं की त्याचं काम होतं. उमाजीचे पैसे वामनरावांना जातील, मुखरूच्या डोक्यावरचं देणं फिटेल, आणि त्याला कोणाच्या दारात जावं लागणार नाही. वामनराव पहिल्या बाकावर, हात जोडल्यासारखे गुडघ्यांत घालून बसले होते. गोकुळाबाईही आज आली होती, दाराशी उभी होती.

वामनरावांच्या वकिलांनी विचारलं, "डोंग्याच्या हिश्शाचे पैसे उमाजी यांनी तुम्हाला देणं आहे, हे खरं?"

"खरं."

"ते देण्यासाठी कोणतीही अट ठरली नव्हती. बरोबर?"

मुखरूने उमाजीकडे पाहिलं. मला वाटतं, दहा वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे पाहिलं असावं. उमाजीभाऊ छताचा पंखा पाहत होते.

"ठरली होती," मुखरू म्हणाला.

वकिलांनी कागद चाळले. "पुन्हा विचारतो. नीट आठवा. यात तुमचंच नुकसान आहे."

"आठवाचं काय त्याच्यात. झिंगूबाबाच्या समोर मी हो म्हणलो होतो. जेवाचं आणि बाईच्या हातून पैसे घ्याचे. उमाजी सांगते ते खरं हाय. तो खोटं बोलत नाई साहेब, त्याले येतच नाई. बाकी त्याच्यात लय खोट हाय, ते इचारा, सांगतो."

"त्याची गरज नाही," न्यायाधीश म्हणाले.

उमाजीभाऊ अजून पंख्याकडेच पाहत होते. पण त्यांची मान आता दुखत असणार.

निकाल त्याच आठवड्यात लागला. जेवणाची अट होती, ती पुरी झालेली नाही, म्हणून रक्कम आज देय नाही, नोटीस रद्द. कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली वामनरावांचे वकील त्यांना समजावत होते की घाबरायचं कारण नाही, मुद्दा चालवून दिलेल्या या आदेशावरही आपल्याला अपील आहे, तीस दिवसांची मुदत आहे. वामनरावांनी वर झाडाकडे पाहिलं. "आता मी चंद्रपूरला जाऊ?" त्यांनी विचारलं. "पुन्हा?"

तेवढ्यात उमाजीभाऊ माझ्या बाजूने निघाले आणि सरळ मुखरूसमोर जाऊन उभे राहिले. मुखरू बिडी पेटवत होता.

"डोंगा गळून राह्यला," उमाजीभाऊ म्हणाले.

"कुठून?"

"मागून. तू डांबर भरला होतास तिथून."

"माह्या भरल्या जागेवून गळत नाई," मुखरू म्हणाला. "तू उन्हात ठेवला असशील."

"नाई ठेवला."

"ठेवलाच असशील."

"येऊन पाह्य मंग."

मुखरूने बिडी न ओढताच टाकली. "डोंगा पाह्याले येतो," तो गोकुळाबाईकडे पाहून म्हणाला. "नुसता डोंगा पाह्याले."

वामनराव धावतच पिकअपकडे गेले. मागचे बांबू त्यांनी स्वतः उतरवले आणि कोर्टाच्या भिंतीला टेकवून ठेवले. मलाही बसवलं, म्हणाले, बाई, तुम्ही नसाल तर मी जाणार नाही, उद्या कोणी नाही म्हटलं तर? त्यांच्या वकिलांना त्यांनी बोलावलं नाही.

तलावावर गेल्यावर दोघांनी डोंगा पालथा केला. गळत होता, आणि मुखरूने भरलेल्या जागेवरून नाही, तर तिच्या वीतभर पुढून. यावर त्यांचं इतकं भांडण झालं की काठावर म्हशी धुणारी माणसं जवळ येऊन बसली. मग म्हणे पाण्यात टाकल्याशिवाय कळणार नाही. टाकला. मुखरू वल्ह्यावर बसला, उमाजीभाऊ जाळं घेऊन पुढे उभे राहिले, आणि कोर्टाच्या कपड्यांतले ते दोघं तलावाच्या मधोमध गेले. भाचा काठावर माझ्याशेजारी उभा होता. डोंगा सरळ रेषेत चालला होता. भाऊंनी जाळं फेकलं तेव्हा ते पाण्यावर ताटासारखं गोल पडलं. गोकुळाबाई उठून घरी चूल पेटवायला गेली.

दिवस मावळायच्या आधी ते मासे घेऊन परत आले, गुडघ्यापर्यंत भिजलेले, अजून गळतीवरच बोलत. बोलत बोलत घरी आले, बोलत बोलतच हात धुतले आणि ओसरीवर बसले. गोकुळाबाईने ताटं वाढली. मुखरूने भात कालवला आणि जेवायला लागला, अगदी रोज तिथेच जेवत असल्यासारखा. वामनरावांचा घास हातातच राहिला. ते माझ्याकडे झुकून कुजबुजले, "बाई, जेवून राह्यला. पाहता ना? तुम्ही साक्षीदार."

"चूप बसा अन् जेवा," मी म्हणाले.

मुखरूने ऐकलं होतं. त्याने मान वर केली, ताटाकडे पाहिलं, ओसरीकडे पाहिलं, आपण कुठे बसलो आहोत हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं असावं. आम्ही सगळे थांबलो. त्याने ताट पुढे ओढलं. "भात वाढ बाई," म्हणाला. "जरा मोकळ्या हातानं वाढ."

जेवण झाल्यावर गोकुळाबाई आत गेली आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली. पैसे तर कोर्टात होते. उमाजीभाऊंच्या तोंडावर पहिल्यांदा खरी भीती दिसली. अट निम्मीच पुरी झाली होती. मुखरूने त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाला, "कोर्टात हाय तं राहू दे. तिथूनच मंडपवाल्याले जाऊ दे. मले काय घरी नेऊन त्याची पूजा कराची हाय?"

पुढच्या सोमवारी आम्ही सगळ्यांच्या सह्यांची एक पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दिली: अट पुरी झाली, मुखरूच्या संमतीने भरलेली रक्कम वामनरावांना मिळावी. ती त्यांना मिळाली. त्यांच्या हिशेबाला थोडी रक्कम कमी पडत होती. वामनरावांनी ती सोडली. वारा माझ्याकडूनही थोडा होता, असं म्हणाले. त्यांच्या वकिलांना हे पटलं नाही.

नोटीस रद्द करणाऱ्या आदेशावर अपिलाची मुदत दिवाळीच्या सुट्टीत संपत होती, सुट्टीनंतर कोर्ट उघडलं त्या दिवसापर्यंत ती चालली असती. त्या दिवशी मी सकाळी मुद्दाम चंद्रपूरला फोन करून विचारलं. कोणीही अपील दाखल केलं नव्हतं. फाइल रेकॉर्ड रूमला गेली. मुखरूने आता आठवड्याची सुट्टी शनिवारची बदलून रविवारची घेतली आहे, कारण रविवारी गोंडपिपरीच्या बाजारात माशाला गिऱ्हाईक जास्त असतं. निम्मा डोंगा त्याने परत मागितला आहे आणि उमाजीभाऊंनी त्याची जी किंमत सांगितली ती मुखरूला मान्य नाही. दोघंही मला वेगवेगळे येऊन भेटून गेले. दोघांनाही मी सांगितलं की मी यात कोणाचीच वकील होणार नाही.